लस, कोरोना आणि फुप्फुसे : गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाची मोठी साथ ओसरून काही वर्षे झाली, तरी ताप-खोकल्याचे रुग्ण वाढू लागले की पेडण्यापासून काणकोणपर्यंत तेच प्रश्न पुन्हा कानावर येतात. लस घेऊनही आजार झाला, मग ती घेतली कशाला? सीटी स्कॅनचा स्कोअर बारा आला, आता काय होणार? या पानावर अशा प्रश्नांची उत्तरे सविस्तर दिली आहेत. सर्व उत्तरांमागचे सूत्र एकच आहे: संसर्ग झाला की नाही, यावरून लसीची परीक्षा होत नाही, तो संसर्ग फुप्फुसांत किती खोल गेला, यावरून ती होते. येथील माहिती समजून घेण्यासाठी आहे. रुग्णाबाबतचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

दोन्ही डोस घेतल्यावरही मला कोरोना झाला. मग लसीचा उपयोग काय झाला?

नाक-घशातील संसर्ग आणि फुप्फुसांचा आजार या एकाच रोगाच्या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, आणि लस या दोन्ही पायऱ्यांवर सारख्याच ताकदीने काम करत नाही. दंडावर टोचलेल्या लसीमुळे रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) भरपूर तयार होतात. परंतु नाकाच्या आणि घशाच्या ओलसर अस्तरावर त्यांचे प्रमाण मुळात कमी असते आणि काही महिन्यांत ते आणखी घटते. त्यामुळे विषाणू नाकात शिरून तेथे वाढू शकतो, ताप येतो, अंग मोडून येते, वास जातो आणि चाचणी पॉझिटिव्ह येते. फुप्फुसांतील वायुकोशांभोवती मात्र केशवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने रक्तातील प्रतिपिंडे तेथे सहज झिरपतात.

दुसरे कारण वेळेचे आहे. नाकात सुरू झालेला आजार फुप्फुसांत बळावायला बहुतेक रुग्णांत आठवडाभर लागतो. लसीने तयार केलेल्या स्मृतिपेशी सुप्तावस्थेत असल्या, तरी त्या जाग्या होऊन संख्येने वाढायला आणि नव्याने प्रतिपिंडे तयार करायला एवढा अवधी पुरतो. लस न घेतलेल्या आणि पूर्वी संसर्ग न झालेल्या माणसाच्या शरीराला ही सगळी तयारी शून्यापासून करावी लागते आणि ती पूर्ण होईपर्यंत विषाणू वायुकोशांत पोहोचलेला असतो. म्हणून लस घेतलेल्या पुष्कळ लोकांना चार-पाच दिवस ताप येऊन गेला आणि आजार तेथेच थांबला. या चार-पाच दिवसांच्या तापाकडे लसीचे अपयश म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही.

हा विषाणू फुप्फुसांत नेमके काय करतो?

वायुकोशांच्या भिंतीत दुसऱ्या प्रकारच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात. श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटू नयेत यासाठी लागणारा स्निग्ध द्रव त्या तयार करतात आणि भिंतीची झीज भरून काढण्याचे कामही त्याच करतात. कोरोनाचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या एसीई-२ नावाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) धरून पेशीत शिरतो, तो ग्राहक या पेशींवर असतो. त्या मरू लागल्या की वायुकोश मिटतात, भिंतीतून पाण्यासारखा द्रव आत झिरपतो आणि ऑक्सिजनला रक्तापर्यंत जायची वाट उरत नाही. सोबत केशवाहिन्यांत बारीक गुठळ्याही होतात, त्यामुळे जेथे हवा पोहोचते तेथे रक्त पोहोचत नाही, असाही प्रकार घडतो.

यानंतरचे नुकसान पुष्कळदा विषाणूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या अनावर प्रतिक्रियेमुळे होते. आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, ताप उतरत आला असताना रुग्णाला एकाएकी दम लागू लागतो, त्याचे कारण हेच. डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड कोणाला उपयोगी पडते, हेही यावरून समजते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत जून २०२० मध्ये असे दिसून आले, की व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू या औषधाने सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून फार्मसीतून स्टिरॉइड आणून घेणे म्हणूनच घातक आहे. मधुमेही रुग्णांत तर साखर भडकण्याचा आणि म्युकरमायकोसिसचा (काळ्या बुरशीचा) धोका असतो, आणि २०२१ मध्ये देशाने तो डोळ्यांनी पाहिला आहे.

एचआरसीटीचा (छातीच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनचा) स्कोअर कसा काढतात? रिपोर्ट हातात आल्यावर तो कसा वाचावा?

उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे एकूण पाच खंड असतात. प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित दिसतो, याचा अंदाज रेडिओलॉजिस्ट चित्र पाहून करतात आणि त्यानुसार गुण देतात. पाच टक्क्यांहून कमी भागाला १, पाच ते पंचवीस टक्क्यांना २, पन्नासपर्यंत ३, पंचाहत्तरपर्यंत ४ आणि त्याहून अधिक भागाला ५. पाच खंडांची बेरीज २५ पैकी येते. साधारणपणे ७ किंवा ८ पर्यंतचा स्कोअर सौम्य, त्यापुढे १५ ते १७ पर्यंतचा मध्यम आणि त्यावरचा तीव्र मानतात; या मर्यादा केंद्रागणिक थोड्या बदलतात. काही केंद्रे ४० पैकी स्कोअर देतात, त्यामुळे आकडा ऐकल्यावर तो कितीपैकी आहे, हे आधी विचारावे.

आता रिपोर्टातील मजकूर पाहू. ‘दोन्ही बाजूंना, कडेच्या भागांत, खालच्या खंडांत ग्राउंड ग्लास अपारदर्शकता’ अशा अर्थाचे वाक्य बहुतेक रिपोर्टांत असते. निरोगी फुप्फुस हवेने भरलेले असल्याने सीटीच्या चित्रात काळे दिसते. जेथे वायुकोशांत थोडा द्रव साचला आहे, तेथे धुरकट पांढरट डाग दिसतो. आपल्याकडच्या जुन्या घरांतील शिंपल्यांच्या तावदानांतून उजेड येतो पण पलीकडचे स्पष्ट दिसत नाही, तसा हा डाग असतो. त्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या रेषा अजून ओळखू येतात. रिपोर्टात ‘कन्सॉलिडेशन’ हा शब्द आला, तर वायुकोश पूर्ण भरून तो भाग घट्ट पांढरा झाला आहे आणि त्या रेषाही दिसेनाशा झाल्या आहेत, असे समजावे. दोन रुग्णांचा स्कोअर सारखाच दहा असला, तरी एकात नुसते धुरकट डाग आणि दुसऱ्यात कन्सॉलिडेशन असेल, तर त्यांची अवस्था सारखी नसते.

याच रिपोर्टात ‘कोरॅड्स ५’ असेही लिहिलेले असते आणि त्याने घरातली माणसे फार घाबरतात. तो आकडा आजाराची तीव्रता सांगत नाही. चित्रावरून हा कोरोनाच असावा, याची खात्री किती, एवढेच तो सांगतो. कोरॅड्स ५ असलेल्या रुग्णाचा स्कोअर ३ असू शकतो.

स्कोअर नऊ आला आहे. रुग्णालयात दाखल व्हायला हवे का?

निव्वळ स्कोअरवरून हे ठरत नाही. आजाराचा दिवस कितवा, रक्तातील ऑक्सिजन किती टक्के आणि श्वासाची गती किती, हे तिन्ही आकडे सोबत हवेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत सीटी अगदी स्वच्छ येऊ शकतो आणि डाग साधारणपणे दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक वाढतात. तिसऱ्या दिवशीचा स्कोअर २ पाहून निर्धास्त होणे जसे चुकीचे, तसेच बाराव्या दिवशी ऑक्सिजन ९७ असताना आलेला ९ पाहून हातपाय गाळणेही चुकीचे. राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेनुसार दम लागत नसेल आणि ऑक्सिजन ९३ च्या वर असेल तर आजार सौम्य. ऑक्सिजन ९० ते ९३ किंवा श्वास मिनिटाला २४ किंवा अधिक असेल तर मध्यम. ऑक्सिजन ९० च्या खाली किंवा श्वास मिनिटाला ३० हून अधिक असेल तर तीव्र. या वर्गवारीत सीटीच्या स्कोअरला स्थान दिलेले नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

सौम्य आजारात सीटी काढण्याची सहसा गरज नसते. त्यात छातीच्या साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरणोत्सार शरीरात जातो आणि उपचारात त्यामुळे काही बदल होत नाही. दुसऱ्या लाटेत लोक सीटी केंद्रांबाहेर रांगा लावत होते, त्यामागची भीती खरी होती. पण एक साधा ऑक्सिमीटर त्यांना अधिक उपयोगी माहिती देऊ शकला असता.

लस घेतलेल्यांचे फुप्फुस कमी बाधित होते, हे कशावरून म्हणता?

पुरावा तीन बाजूंनी येतो आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

पहिला पुरावा चाचण्यांचा. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत सुमारे २५,८०० स्वयंसेवक होते. लक्षणे असलेल्या आजारापासून संरक्षण ७७.८ टक्के, तर तीव्र आजारापासून ९३.४ टक्के आढळले. कोव्हिशील्ड म्हणजे अॅस्ट्राझेनेकाची लस; ब्रिटनमध्ये डेल्टा या विषाणूच्या प्रकाराच्या काळात तिच्या दोन डोसांनी लक्षणे असलेल्या आजारापासून सुमारे ६७ टक्के, परंतु रुग्णालयात दाखल होण्यापासून सुमारे ९२ टक्के संरक्षण दिल्याचे नोंदले गेले.

दुसरा पुरावा प्रत्यक्ष कामावर असलेल्या माणसांचा, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. दोन डोस घेतलेल्यांत संसर्गापासून संरक्षण ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के होते. हे आकडे ओळीने पुन्हा वाचून पाहा. आजार नाकापासून फुप्फुसांकडे जसजसा खोल जातो, तसतसे लसीचे संरक्षण वाढत जाते. तमिळनाडूच्या पोलीस दलातील १,१७,५२४ जणांच्या अभ्यासात १३ एप्रिल ते १४ मे २०२१ या महिनाभरात लस न घेतलेल्या १७,०५९ पोलिसांपैकी २० जणांचा, एक डोस घेतलेल्या ३२,७९२ पैकी ७ जणांचा आणि दोन्ही डोस घेतलेल्या ६७,६७३ पैकी ४ जणांचा कोरोनाने मृत्यू झाला. हजारी प्रमाण काढल्यास ते अनुक्रमे १.१७, ०.२१ आणि ०.०६ येते.

तिसरा पुरावा सीटीच्या चित्रांचाच. भारतातील अनेक रुग्णालयांनी दाखल रुग्णांचे स्कोअर लसीकरणानुसार लावून पाहिले आणि दोन्ही डोस घेतलेल्यांचे सरासरी स्कोअर न घेतलेल्यांपेक्षा कमी आढळले. या अभ्यासांना मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. सीटी ज्याचा त्याचा काढला जात नाही. ज्याला दम लागतो त्याचाच काढला जातो, म्हणजे लस घेऊन घरीच बरे झालेले लोक या हिशेबात येतच नाहीत. त्यामुळे अशा अभ्यासांत लसीचा खरा फायदा कमीच दिसण्याचा संभव असतो. उलट, लस घेणारी माणसे एरवीही तब्येतीची काळजी घेणारी असू शकतात आणि त्यामुळे फायदा थोडा फुगलेला दिसू शकतो. मात्र त्या काळात दोन्ही डोस घेतलेल्यांत साठीच्या पुढचे आणि आरोग्य कर्मचारी अधिक होते. वय जास्त असूनही स्कोअर कमी आले असतील, तर ते तरुण होते म्हणून वाचले, असे म्हणता येत नाही.

आमच्या वाड्यावर नंतरच्या काळात जे रुग्णालयात गेले, त्यांतील बहुतेकांनी लस घेतली होती. मग हे गणित उलटे कसे?

जेथे जवळजवळ सर्वांनीच लस घेतलेली असते, तेथे असे दिसणारच. सर्व पात्र प्रौढांना पहिला डोस दिल्याचे गोव्याने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले आणि १८ सप्टेंबरला पंतप्रधानांनी येथील आरोग्य कर्मचारी व लाभार्थ्यांशी दूरसंवाद साधला. अशा राज्यात रुग्णालयातील माणसे केवळ मोजून निष्कर्ष काढला, तर फसगत होते. समजा, एका भागात साठीच्या पुढचे १,००० जण बाधित झाले. त्यांपैकी ९५० जणांनी लस घेतली आहे, ५० जणांनी नाही. लस न घेतलेल्यांपैकी २० टक्के गंभीर झाले तर ती माणसे १० होतात. लस घेतलेल्यांपैकी अवघे २ टक्के गंभीर झाले, तरी ती १९ होतात. वॉर्डात लस घेतलेले जवळपास दुप्पट दिसतील, पण प्रत्येक माणसाचा धोका दहा पटींनी कमी झालेला असेल. येथील आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. तमिळनाडूच्या पोलिसांचे आकडे खरे आहेत आणि तेथेही हजारी प्रमाण काढल्यावरच चित्र स्पष्ट झाले.

दुसऱ्या लाटेत गोव्याची एवढी वाईट अवस्था झाली, तेव्हा लस कोठे होती?

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. साठीच्या पुढच्यांना आणि सहव्याधी असलेल्या ४५ वर्षांवरील लोकांना १ मार्चपासून, ४५ च्या पुढच्या सर्वांना १ एप्रिलपासून आणि १८ च्या पुढच्यांना १ मेपासून परवानगी मिळाली. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतील अंतर आधी चार आठवडे, मग सहा ते आठ आणि मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे झाले. डेल्टाची लाट एप्रिल-मेमध्ये आली, तेव्हा दोन्ही डोस घेऊन पुरेसे दिवस झालेले लोक फारच थोडे होते. त्या मे महिन्यात बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) ऑक्सिजन पुरवठ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. ज्या कुटुंबांनी त्या दिवसांत आपली माणसे गमावली, त्यांच्यापुढे आकडेवारी मांडताना आजही शब्द जड होतात. परंतु ऑक्सिजनची एवढी गरज एकाच वेळी का उद्भवली, याचे उत्तर याच कालक्रमात आहे: फुप्फुसांचे रक्षण करणारी लस हाती असूनही ती बहुतेकांच्या दंडापर्यंत पोहोचण्याआधी डेल्टा पोहोचला.

एकच डोस घेतला होता. त्याने काही संरक्षण मिळते का?

काही प्रमाणात मिळते. ब्रिटनमध्ये डेल्टाविरुद्ध अॅस्ट्राझेनेकाच्या एका डोसाने लक्षणे असलेल्या आजारापासून सुमारे ३० टक्केच संरक्षण दिले. मृत्यूपासून मात्र तमिळनाडूच्या अभ्यासात एका डोसानेही ८२ टक्के संरक्षण दिसले, दोन डोसांनी ९५ टक्के. डोस घेतल्यावर दोन-तीन आठवडे जाईपर्यंत यातले काहीच गृहीत धरू नये.

कोव्हिशील्ड चांगली की कोव्हॅक्सिन?

फुप्फुसांच्या दृष्टीने पाहिले, तर दोन्ही लसींनी तीव्र आजारापासून चांगले संरक्षण दिले. गोव्यात हा प्रश्न मोठा झाला तो बोटीवर काम करणारे खलाशी आणि आखातात नोकरीला जाणारे यांच्यामुळे, कारण कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत नव्हती. तो प्रश्न प्रवासाच्या कागदपत्रांचा होता, लसीच्या गुणवत्तेचा नव्हता.

मधुमेह असेल तर लस कमी काम करते का? गोव्यात तर घरोघरी मधुमेह आहे.

हा प्रश्न गोव्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत ते सर्वाधिक होते. म्हणजे येथे दर चार प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की रोगप्रतिकारक पेशींची हालचाल मंदावते, रक्तवाहिन्यांचे अस्तर आधीच दुखावलेले असते आणि गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. कोरोना फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जे बिघाड करतो, त्यांना येथे आयती जमीन मिळते. त्यात रुग्णाला ऑक्सिजन लागला, तर द्यावे लागणारे स्टिरॉइड साखर आणखी वाढवते.

लसीचा प्रतिसाद मधुमेहींत, विशेषतः साखर ताब्यात नसलेल्यांत, काहीसा कमी आढळतो. पण ज्याचा मूळ धोका मोठा, त्याला संरक्षणाचा लाभही मोठा मिळतो. मूत्रपिंडाचे रुग्ण, डायलिसिसवर असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, कर्करोगाचे औषधोपचार चालू असलेले आणि अतिवृद्ध यांनाही हेच लागू पडते. या लोकांनी लस घेतली असली, तरी ताप आल्यावर ‘लस झाली आहे’ म्हणून घरी थांबू नये. आपल्या मधुमेही आई-वडिलांची मागील तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे, हे ठाऊक नसेल, तर ती तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात करून घ्यावी. फुप्फुसांच्या रक्षणाचा तो अर्धा भाग आहे.

ओमायक्रॉन सौम्य होता. मग लसीचे श्रेय कशाला?

दोन्ही कारणे खरी आहेत. हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील अभ्यासात ओमायक्रॉन श्वासनलिकांच्या ऊतीत डेल्टापेक्षा सुमारे ७० पट वेगाने, तर फुप्फुसांच्या ऊतीत आधीच्या मूळ विषाणूपेक्षा दहा पटींहून कमी प्रमाणात वाढला. म्हणजे तो स्वभावतःच वरच्या भागात रमणारा होता. पण २०२२ च्या सुरुवातीला त्याच हाँगकाँगमध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा तेथील अतिवृद्धांत लसीकरण फार कमी होते आणि मोठ्या संख्येने वृद्धांचे मृत्यू झाले. विषाणू ‘सौम्य’ होता, तरी लस न घेतलेल्या वृद्धाच्या फुप्फुसांसाठी तो सौम्य नव्हता.

आयव्हरमेक्टिन, काढे, वाफ यांनी फुप्फुसे वाचतात का?

मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली होती. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तेव्हाही या औषधाच्या वापराविरुद्ध होता आणि नंतरच्या मोठ्या नियंत्रित चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. काढ्याने घशाला आराम मिळतो, त्याला हरकत नाही. वाफ घेताना विशेषतः मुले भाजतात आणि वाफ वायुकोशांतील आजारावर काहीही परिणाम करत नाही. खरी हानी होते ती या उपायांवर विसंबून घालवलेल्या दिवसांमुळे.

लसीमुळे रक्तात गुठळ्या होतात, तरुणांना हृदयविकार येतो, असे ऐकतो. वर्षे उलटल्यावरही धोका आहे का?

अॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर प्लेटलेट घटून गुठळ्या होण्याचा एक अत्यंत दुर्मीळ विकार २०२१ च्या वसंतातच ओळखला गेला. युरोपात त्याचे प्रमाण साधारण लाखात एक, असे नोंदले गेले. तो लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच उद्भवतो. त्यामुळे लसीमुळे क्वचित हा विकार होऊ शकतो, अशी कबुली कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयीन कागदपत्रांत दिल्याची बातमी २०२४ मध्ये आल्यावर ज्यांनी २०२१ मध्ये घेतलेल्या डोसाची धास्ती घेतली, त्यांनी ती सोडून द्यावी. १८ ते ४५ वयोगटातील अकस्मात मृत्यूंचा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने अभ्यास केला. लसीमुळे अशा मृत्यूंचा धोका वाढल्याचे आढळले नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. कोरोनामुळे रुग्णालयात राहावे लागणे, कुटुंबात अकस्मात मृत्यूचा इतिहास आणि अति मद्यपान यांचा संबंध मात्र दिसला.

गरोदरपणी लस घेणे योग्य होते का?

होय. भारतात २ जुलै २०२१ पासून गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली. वाढलेल्या गर्भाशयामुळे श्वासपटल वर सरकते आणि फुप्फुसांना पसरायला जागा कमी उरते, म्हणून या स्त्रियांत कोरोनाचा न्यूमोनिया अधिक धोक्याचा ठरतो.

कोरोनानंतर फुप्फुस पूर्ववत होते का? अजून जिना चढताना दम लागतो.

बहुतेकांचे डाग तीन ते सहा महिन्यांत विरतात. ज्यांचा आजार तीव्र होता, विशेषतः ज्यांना व्हेंटिलेटर लागला, त्यांपैकी काहींच्या फुप्फुसांत व्रण राहतात. वेल्लोरमध्ये कोरोनातून बरे झालेल्या २०७ रुग्णांच्या अभ्यासात जवळजवळ ४४ टक्क्यांत फुप्फुसांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता कमी राहिल्याचे आढळले. म्हणून दम लागणे टिकून असेल, तर ‘अशक्तपणा आहे, जाईल’ म्हणून सोडून देऊ नये. छातीच्या डॉक्टरांकडे फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करून घ्यावी. हृदयविकार, रक्तक्षय किंवा फुप्फुसातील गुठळी यांमुळेही दम लागतो आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. श्वसनाचे व्यायाम आणि हळूहळू वाढवत नेलेले चालणे यांचा उपयोग होतो. विडी-सिगारेट सोडल्याशिवाय मात्र बाकी सगळे प्रयत्न अपुरे पडतात, आणि खाणपट्ट्यात वर्षानुवर्षे धुळीत काम केलेल्यांनी ही तपासणी लवकर करावी.

घरी रुग्ण असेल, तर नेमके काय पाहावे?

ऑक्सिमीटर लावण्याआधी नखांचे रंग काढावेत, हात गार असेल तर चोळून गरम करावा, रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे आणि आकडा स्थिर झाल्यावरच नोंद करावी. बसल्या जागी ९५ असलेला आकडा चालल्यावर घसरतो का, हे पाहण्यासाठी घरातल्या सपाट जागेत किंवा बलकांवात (घरापुढील ओसरीत) सहा मिनिटे चालवावे. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा अधिकने उतरला, तर फुप्फुसांचा आजार सुरू झाला असावा, असे समजून डॉक्टरांना कळवावे. आधीच धाप लागलेल्या रुग्णाला ही चालण्याची चाचणी करायला लावू नये. श्वासाची गती मोजताना रुग्णाला न सांगता पूर्ण एक मिनिट मोजावी, कारण सांगितले की श्वास बदलतो. आजाराच्या पाचव्या ते बाराव्या दिवसांत दिवसातून तीन-चार वेळा नोंद ठेवावी.

ऑक्सिजन ९३ किंवा त्याहून कमी, वाक्य पूर्ण करताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे बोलणे, यांतील काहीही दिसले तर १०८ वर फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत, रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला जमत असेल, तर पोटावर झोपवावे. पाठीकडील वायुकोश त्यामुळे उघडतात.

आता पुन्हा लस घ्यावी का?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, परंतु वृद्ध, गंभीर सहव्याधी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना ठरावीक अंतराने पुन्हा डोस देण्याचा विचार करावा, असे तिचे मत कायम आहे. निरोगी तरुणांना त्याची तातडीची गरज नाही. त्यांच्यात लस आणि होऊन गेलेला संसर्ग यांमुळे तयार झालेल्या स्मृतिपेशी तीव्र आजारापासून बराच काळ संरक्षण देतात. साठीच्या पुढच्यांनी आणि मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांशी बोलताना फ्लू आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनिया करणारा एक जंतू) यांवरील लसींचाही विषय काढावा, कारण ज्या फुप्फुसात एकदा व्रण राहिला आहे, त्याला दुसरा न्यूमोनिया फार महागात पडतो. त्या भेटीला जाताना जुना सीटी रिपोर्ट, त्याची फिल्म किंवा सीडी आणि लसीकरणाचे प्रमाणपत्र सोबत न्यावे. नवा डाग कोणता आणि जुना व्रण कोणता, हे जुने चित्र शेजारी ठेवल्यावरच खात्रीने सांगता येते.